चार्ज लागला, चार्ज झाला, चार्ज घेतला: एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ कसे ओळखायचे

विजेच्या बिलात चार्ज असतो, पासबुकात असतो, फवारणी पंपाच्या खोक्यावर असतो. कोर्टाच्या कागदात आणि बदलून आलेल्या साहेबाच्या आदेशातही असतो. ‘डिस्चार्ज’ होऊन तो दवाखान्याच्या कार्डावर आणि धरणाच्या इशाऱ्यात येतो, ‘रिचार्ज’ होऊन मोबाइलच्या दुकानात आणि विहिरीच्या काठावर येतो. अर्थ चुकला तर नुकसान खरंखुरं होतं. चार्जशीट आणि चार्ज फ्रेम होणं यांत गल्लत झाली की भरतीच्या अर्जात चुकीचं उत्तर जातं. धरणाच्या डिस्चार्जचं एकक चुकीचं वाचलं तर पुराचा अंदाज पस्तीस पटींनी चुकतो. म्हणून या एका शब्दाचे अर्थ, ते ओळखायची रीत आणि प्रत्येक ठिकाणी करायचं काम इथे एकत्र दिलं आहे.

मूळ बंडीत आहे

लॅटिन भाषेत ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. तिच्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत माल लादणं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द ‘चार्ज’ होऊन १३व्या शतकात इंग्रजीत आला. ‘कार’, ‘कार्गो’ आणि ‘कॅरी’ ही त्याच घरची भावंडं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बंडीत कापूस भरला की बंडी चार्ज झाली, जिनिंगवर रिती केली की डिस्चार्ज झाली, परत भरली की रिचार्ज, आणि बैलाला ओढवेना इतकी भरली की ओव्हरचार्ज.

पुढचे सगळे अर्थ या लादण्यातून फुटले. माणसावर पैशाचं ओझं टाकलं की शुल्क, गुन्ह्याचं टाकलं की आरोप, कामाचं टाकलं की पदभार. जमिनीवर कर्जाचं ओझं टाकलं की आपले महसुली कागद त्याला ‘बोजा’च म्हणतात, म्हणजे हे भाषांतर आपल्याकडे कधीचं तयार आहे. तोफेत दारू ठासणं हाही चार्ज, आणि विहीर खोदताना सुरुंगाच्या छिद्रात भरतात तो मसालाही चार्जच. १८व्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवायला लागले तेव्हा तोफखान्याचे शब्द विजेकडे आले. बरणी भरणं झालं चार्ज, आणि तोफांच्या रांगेचं ‘बॅटरी’ हे नाव बरण्यांच्या रांगेला मिळालं. तुमच्या फवारणी पंपातल्या बॅटरीचं नाव तिथून आलं आहे.

अर्थ काढायची रीत

आधी मराठी वाक्य घ्या. बोलताना आपण ‘चार्ज’च्या पुढे जे क्रियापद लावतो तेच अर्थ सांगून जातं. चार्ज *लागला*, *कापला* म्हणजे पैसे. चार्ज *झाला*, *उतरला* म्हणजे बॅटरी. चार्ज *घेतला*, *सोपवला*, *दुसऱ्याकडे आहे* म्हणजे पदभार. चार्ज *ठेवला* म्हणजे आरोप. गोंधळ फक्त ‘चार्ज केला’ यात आहे, कारण दुकानदार पैसे चार्ज करतो आणि पोरगा फोन चार्ज करतो. तिथे कर्म पाहावं लागतं.

इंग्रजी कागद हातात आला तर या क्रमाने जा.

१. कागद कुणाचा ते पाहा. बँक, वीज कंपनी, कोर्ट, दवाखाना, पाटबंधारे विभाग. निम्मी शंका इथेच मिटते.

२. शब्दाच्या सुरुवातीला काय चिकटलं आहे ते पाहा. ‘डिस’ असेल तर उतरवणं, ‘रि’ असेल तर परत भरणं, ‘ओव्हर’ असेल तर जादा, ‘सर’ असेल तर मूळ रकमेवर वरून लावलेला अधिभार.

३. पुढचा लहान शब्द वाचा. ‘चार्ज फॉर’ म्हणजे कशाबद्दल पैसे. ‘चार्ज टू’ म्हणजे कुणाच्या खात्यावर टाकले. ‘चार्ज ऑन’ म्हणजे मालमत्तेवरचा बोजा. ‘चार्ज अॅट’ म्हणजे अंगावर धावून जाणं.

४. शेवटी विचारा: ओझं कुणावर आहे, आणि उतरवायचं कुणी? कागदावर करायचं काम या प्रश्नाच्या उत्तरातच असतं.

तिसऱ्या पायरीत दोन खाचखळगे आहेत, आणि चांगले शिकलेलेही तिथे अडतात. पहिला ‘चार्ज्ड विथ’चा. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप. पण ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी ऑफ’ म्हणजे कामाची जबाबदारी दिलेला. पुढे गुन्ह्याचं नाव आहे की कामाचं, तेवढं पाहायचं. दुसरा ‘द’चा. ‘इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मुलाला सांभाळणारा. ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे नर्सच्या ताब्यात असलेला. मधला ‘द’ आला की सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. स्पर्धा परीक्षेत यावर हमखास प्रश्न बनवता येतो, त्यामुळे ही जोडी लिहून ठेवा.

वीजबिलातला ‘आकार’

महावितरणचं मराठी बिल ‘चार्ज’ला ‘आकार’ म्हणतं. हा आकारणीतला आकार. ‘स्थिर आकार’ दरमहा ठरलेला असतो. घर बंद होतं, एकही युनिट जळलं नाही, तरी तो लागतो. ‘वीज आकार’ युनिटवर, टप्प्याटप्प्याने वाढत्या दराने: घरगुती जोडणीला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि पुढे आणखी. ‘वहन आकार’ तारांवरून वीज आणण्याचा, तोही युनिटवर. ‘इंधन समायोजन आकार’ महिन्यागणिक बदलतो, म्हणून तेवढीच युनिटं जळूनही बिल कमी-जास्त दिसतं. यानंतर ‘वीज शुल्क’ येतं. हा वीज कंपनीचा चार्ज नसून राज्य सरकारचा कर आहे. घरगुती जोडणीला १६ टक्के.

बिल तपासताना रकमेकडे नंतर पाहा, आधी रीडिंग पाहा. चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की युनिटं निघतात. चालू रीडिंगचा आकडा मीटरवर आज दिसणाऱ्या आकड्याशी जुळवा. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर पुढच्या खऱ्या रीडिंगला दोन-तीन महिन्यांची युनिटं एकदम येतात. अशा वेळी टप्प्याची मर्यादाही तेवढ्या महिन्यांनी वाढवून धरायला हवी. दोन महिन्यांची मिळून १८० युनिटं असतील तर ती सगळी पहिल्याच टप्प्यात बसतात, कारण दोन महिन्यांचा पहिला टप्पा २०० चा. हे झालं नसेल तर मीटरचा फोटो जोडून लेखी तक्रार द्या.

बिलावर वाद असेल तरी काहीच न भरता बसू नका. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. पावतीसोबतच्या अर्जात ‘निषेधासह’ हा शब्द स्पष्ट लिहा. त्या एका शब्दाला किंमत आहे.

बँक, कर्ज आणि कापसाची पट्टी

पासबुकात इंग्रजी ‘चार्ज’ दिसला की बाजूला कशाचा ते विचारा: एसएमएसचा, एटीएमचा की किमान शिल्लक नसल्याचा. ग्रामीण भागात बचत खातेदाराला महिन्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच आणि दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार मोफत असतात. १ मे २०२५ पासून त्यापुढच्या व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर लागू शकतो. शिल्लक पाहणं हाही एक व्यवहार धरला जातो, हे बरेच जण विसरतात. किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या चार्जमुळे खातं शून्याच्या खाली नेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मजुरीचे किंवा अनुदानाचे पैसे येणारं खातं किमान शिल्लक लागणारं असेल तर ते ‘बेसिक’ बचत खात्यात बदलून मागा. त्यात किमान शिल्लकच नसते.

कर्जाच्या हप्त्यात ‘पीनल चार्ज’ असा शब्द येतो. पूर्वी हप्ता चुकला की दंडव्याज लागे आणि त्यावर परत व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये हे बदललं. आता दंड हा चार्ज म्हणूनच लावायचा, तो मुद्दलात मिळवायचा नाही, त्यावर पुढे व्याज काढायचं नाही. खातेउतारा मागून पीनल चार्जची रक्कम मुद्दलात मिसळली आहे का ते पाहा. ट्रॅक्टर फायनान्सच्या कर्जाला हे विशेष लावून पाहावं.

पऱ्हाटीवाल्या कास्तकाराने आणखी एक शब्द ओळखावा: ‘रिव्हर्स चार्ज’. शेतकऱ्याने नोंदणीकृत जिनिंगला किंवा व्यापाऱ्याला कच्चा कापूस विकला तर त्यावरचा ५ टक्के जीएसटी विकणाऱ्यावर न येता घेणाऱ्यावर येतो. ओझं उलट्या माणसावर, म्हणून ‘रिव्हर्स’. हा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पट्टीवर ‘रिव्हर्स चार्ज’ लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण ती रक्कम तुमच्या हिशेबातून कापलेली असेल तर ती चूक आहे. तिथेच उभं राहून पट्टी दुरुस्त करून घ्या.

सातबाऱ्यावरचा बोजा

पीककर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं किंवा सोसायटीचं नाव आणि रक्कम चढते. हा चार्ज. गहाणात जमिनीतला काही हक्क सावकाराकडे जातो. नुसत्या चार्जमध्ये हक्क तुमच्याकडेच राहतो, पण जमीन त्या देण्याला बांधली जाते. सेवा सहकारी सोसायटीसाठी लिहून देतात तो ‘इकरार’ही असाच चार्ज आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे कर्ज फिटण्याआधी ती जमीन परस्पर विकली तर व्यवहार रद्दबातल ठरतो. म्हणून वावर *घेणाऱ्याने* इसारा देण्याआधी इतर हक्काचा रकाना पाहावा, आणि त्यातला फेरफार क्रमांक काढून मूळ नोंद वाचावी. नुसती रक्कम जुनी दिसते म्हणून ती फिटली असेल असं धरू नये.

कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरत नाही. सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो, आणि वाटणीच्या वेळी किंवा नव्या कर्जाच्या वेळी सगळं अडतं. शेवटचा हप्ता भरल्यावर शाखेतून एकाच खेपेत तीन गोष्टी मागा: निल दाखला (म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा), बोजा कमी करण्याबाबत तलाठ्याच्या नावाने पत्र, आणि ठेवलेली मूळ कागदपत्रं. नोंदणीकृत गहाणखत केलं असेल तर ते सोडवल्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या किंवा ई-हक्क संकेतस्थळावरून ‘बोजा कमी करणे’ हा प्रकार निवडून करा. फेरफार नोंदला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि मगच सातबारा कोरा होतो. नवा सातबारा हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जाची पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्या. ट्रॅक्टरचंही असंच: आरसीवर ‘हायपोथिकेशन’ लिहिलेलं असतं, तेही चार्जचंच रूप. फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आरटीओत दिल्यावरच ते निघतं.

बॅटरी भरणं: पंप, फोन, झटका मशीन

बॅटरी पंपात सहसा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. अँपिअर-अवर म्हणजे टाकीचं माप समजा, आणि चार्जरचे अँपिअर म्हणजे नळाची धार. चार्जर १.७ अँपिअरचा असेल तर ८ भागिले १.७, म्हणजे पावणेपाच तास. शेवटी शेवटी बॅटरी हळू भरते आणि काही वीज उष्णतेत जाते, म्हणून प्रत्यक्षात सहा ते आठ तास धरा. दोन तासांत हिरवा दिवा लागला तर आनंद मानू नका. टाकीच लहान झाली आहे, म्हणजे बॅटरी म्हातारी झाली आहे.

तपासायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. चार्जर काढून दोन तास थांबा आणि मग मोजा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे जवळपास रिती. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फसवा, चढाच येतो.

या बॅटऱ्या बहुतेक वेळा फवारणीत मरत नाहीत, कोपऱ्यात पडून मरतात. हंगाम संपला की अर्धा उतरलेला पंप तसाच ठेवतात. रित्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच भरली तर ते विरघळतं, महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचे कडक खडे होतात, आणि मग ती जागा परत कधी भरत नाही. म्हणून पंप ठेवण्याआधी पूर्ण भरा, वायर सोडवा आणि पुढच्या हंगामापर्यंत महिन्यातून एकदा भरून ठेवा. फवारणीच्या दिवसांतही संध्याकाळी आल्यावर त्याच रात्री लावा.

दुसरी चूक चार्जरच्या अदलाबदलीची. नवे काही पंप लिथियम बॅटरीचे येतात. तीन सेलच्या लिथियमला १२.६ व्होल्टवर थांबायचं असतं, शिशाचा चार्जर १४.४ पर्यंत चढतो. शिशाचा चार्जर लिथियमला लावला तर बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं, ते नसेल तर बॅटरी फुगते किंवा पेटते. उलट केलं तर शिशाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. पिन एकसारखी बसते म्हणून चार्जर तोच असं नसतं, त्यामुळे चार्जरवर रंगाने खूण करून ठेवा.

आणि एक कळकळीचं. कापूस घरात साठवलेल्या खोलीत कोणतीच बॅटरी चार्जिंगला लावू नका, फोनसुद्धा नाही. कीटकनाशकाच्या डब्यांजवळही नाही. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, सैल पिनेत ठिणगी पडते, आणि कापसाला तेवढी पुरते. ओसरीत, हवेशीर जागी, फरशीवर ठेवा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड पाणीच घाला, पट्ट्यांच्या वर सुमारे १० मिलिमीटर येईल इतकं. विहिरीचं पाणी घालू नका. खारपाणपट्ट्यातलं तर अजिबातच नाही, त्यातले क्षार पट्ट्या खातात. अॅसिडही घालू नये, उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

फोनचं गणित सोपं आहे. चार्जरवर ‘आउटपुट’ वाचा: ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ५,००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर मावतात. म्हणजे या चार्जरला अडीच ते तीन तास लागणारच. फोन बिघडला असं समजून लगेच दुकान गाठू नका, आधी वायर बदलून पाहा.

रोही आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनमध्येही चार्ज आहे, पण तुटक. मशीन आतला कपॅसिटर भरतं आणि सेकंदाला साधारण एकदा क्षणभर कुंपणाच्या तारेत सोडतं. झटका बसतो, पण दोन झटक्यांमधल्या वेळात जनावर सुटू शकतं. डीपीवरची किंवा घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडली तर ती अखंड वाहते, स्नायू आखडतात आणि सुटता येत नाही. त्यात वाघ मरतो तसा रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. तो गुन्हा आहे.

कोर्टातला चार्ज

क्रम लक्षात ठेवा. आधी एफआयआर, मग तपास, मग पोलीस कोर्टात दाखल करतात ती चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून, कोर्ट चार्ज फ्रेम करतं, म्हणजे नेमके कोणते आरोप चालवायचे ते ठरवून आरोपीला वाचून दाखवतं आणि कबूल आहे का विचारतं. त्यानंतर साक्षीपुरावे. चार्जशीट पोलिसांची, चार्ज कोर्टाचा.

चार्ज फ्रेम होण्याआधीच कोर्टाला दम दिसला नाही तर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो. खटला चालून सुटला तर ती निर्दोष मुक्तता, तिला डिस्चार्ज म्हणत नाहीत. आरोपी कोठडीत असताना ठरल्या मुदतीत चार्जशीट आली नाही, म्हणजे दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस आणि इतरांत ६० दिवस, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पण केस संपत नाही. चार्जशीट नंतर येऊ शकते.

पोलीस भरतीच्या किंवा इतर साक्षांकन नमुन्यात अटक झाली होती का, खटला चालला का, दोषी ठरला का, असे प्रश्न वेगवेगळे असतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं द्या आणि सुटका झाली असेल तर निकालाची प्रत जोडा. किरकोळ भांडणाची केस दडवल्यामुळेसुद्धा निवड रद्द होऊ शकते.

‘लाठीचार्ज’मधला चार्ज धावून जाण्याचा आहे. जंगलालगत मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्यांना माहीत असलेला अस्वलाचा हल्ला, तोही तोच. वनविभागाच्या माणसांच्या तोंडी ‘मॉक चार्ज’ येतं: जनावर धावून येतं आणि मध्येच थांबतं, ते हाकलण्यासाठी. पाठ दाखवून पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका.

साहेबांचा चार्ज

‘चार्ज दुसऱ्याकडे आहे’ हे उत्तर कार्यालयात फार ऐकू येतं. ज्याच्याकडे अतिरिक्त चार्ज आहे त्याच्याकडे त्या पदाचं काम आहे, त्यामुळे अर्ज घ्यायला अडचण नाही. अर्जावर अधिकाऱ्याचं नाव न लिहिता पदनाम लिहा, म्हणजे बदली झाली तरी अर्ज जिवंत राहतो. सेवा अधिसूचित असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे पोच आणि मुदत दोन्ही मागा. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

डिस्चार्ज: पंप, धरण, दवाखाना

पाण्याच्या कामात डिस्चार्ज म्हणजे ठरलेल्या वेळात किती पाणी बाहेर पडतं. ठिबक घेण्याआधी स्वतःच्या पंपाचा डिस्चार्ज मोजा. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा, मोबाइलवर वेळ लावा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. मोटर सुरू केल्यावर लगेच मोजू नका. अर्धा तास चालू द्या, विहिरीची पातळी खाली गेल्यावर येतो तो आकडा खरा. आता एका एकरात नळ्या ५ फुटांवर आणि ड्रिपर ४० सेंटिमीटरवर असतील तर सुमारे ६,६४० ड्रिपर बसतात. प्रत्येकी ताशी ४ लिटर धरलं तर २६,५०० लिटर लागतात. पंप देतो १८,०००. एकदम सोडलं तर शेवटच्या ओळींना पाणी पोचणार नाही, पऱ्हाटी एका टोकाला हिरवी आणि दुसऱ्या टोकाला पिवळी दिसेल. एकराचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह लावा.

धरणाच्या इशाऱ्यात याच डिस्चार्जला ‘विसर्ग’ म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, १,००० लिटर. एका क्युमेकात ३५.३ क्युसेक. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या ३३ दरवाजांच्या गोसेखुर्दचा विसर्ग समजा ५,००० क्युमेक जाहीर झाला, तर तो १ लाख ७६ हजार क्युसेक झाला. ‘पाचच हजार’ समजून नदीकाठची मोटर आणि जनावरं तिथेच ठेवली तर पाणी ती घेऊन जाईल. ग्रुपवर संदेश पुढे पाठवताना आकड्यासोबत एकक पाठवा, आणि किती वाजताचा आहे तेही.

दवाखान्यात डिस्चार्ज म्हणजे सुट्टी, पण केसपेपरवर ‘इअर डिस्चार्ज’ किंवा ‘व्हाइट डिस्चार्ज’ लिहिलेलं असेल तर ते कान वाहणं किंवा अंगावरून पांढरं जाणं. सुट्टीच्या कार्डावर निदान, दिलेली औषधं आणि परत यायची तारीख लिहिली आहे का ते निघण्याआधी पाहा. पेशंट स्वतःच्या हट्टाने घरी नेला तर कार्डावर ‘डामा’ लिहितात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी. सही करण्याआधी तो शब्द वाचा. बिलाच्या चार्जबद्दलही एक: धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. भरती होतानाच उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून समाजसेवा अधीक्षकाला विचारा.

रिचार्ज: विहिरीत पाणी परत घालणं

मोबाइलच्या रिचार्जबद्दल सांगायला नको. विहिरीचा रिचार्ज, म्हणजे पुनर्भरण, मात्र नीट समजून घ्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एक एकर ४,०४७ चौरस मीटर. ५० मिलिमीटरच्या एका जोरदार पावसात त्यावर दोन लाख लिटर पडतात. त्यातलं चौथाई वाहून गेलं तरी ५०,००० लिटर. ते सरळ विहिरीत सोडलं तर गाळाने झरे बुजतात, म्हणून आधी गाळण लागते.

विहिरीच्या काठापासून किमान १० फूट लांब, पावसाचं पाणी उताराने येतं त्या बाजूला दोन खड्डे घ्या. पहिला गाळ बसायला, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. त्याला लागून दुसरा गाळणीचा, दोन बाय दोन मीटर आणि दीड मीटर खोल. दुसऱ्याच्या तळाशी चार किंवा सहा इंची पीव्हीसी पाइप किंचित उताराने विहिरीकडे न्या, तोंडाला जाळी लावा. तळापासून वर ३० सेंटिमीटर मोठे दगड, ३० सेंटिमीटर ४० मिलिमीटरची गिट्टी, ३० सेंटिमीटर बारीक गिट्टी आणि सगळ्यात वर ३० सेंटिमीटर जाड वाळू. वरचा एक फूट पाण्यासाठी रिकामा ठेवा. वाळू तळाशी आणि दगड वर असं उलटं भरलं तर वाळू पाइपातून विहिरीत जाते.

पाइपाचं विहिरीकडचं तोंड भिंतीपासून आत दीड फूट काढा. भिंतीलगत ठेवलं तर धार बांधकामाचा चुना आणि माती धुऊन नेते. काळ्या जमिनीत खड्डा काठाला चिकटून घेतला तर माती फुगून-आकसून भिंतच ढासळते, दहा फुटांचं अंतर त्यासाठीच. पहिले एक-दोन मोठे पाऊस बाहेर काढून द्या. फवारणी झाल्यावर लगेच आलेलं पाणी आणि गोठ्याकडचं पाणी आत घेऊ नका, आणि ज्या विहिरीचं पाणी पिण्यात आहे तिथे हे काम करूच नका. प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाळूवर साचलेला दोन बोटं गाळ खरवडून काढा. एप्रिल-मेमध्ये वाळू बाहेर काढून धुऊन परत भरा. वाळूवर पाणी तुंबून उभं राहायला लागलं तर ती धुवायची वेळ उलटून गेली आहे. त्या दिवशी आत येणारी नाली माती टाकून बंद करा आणि पाणी धुऱ्याकडे वळवा.